चाक निवेपर्यंत

चाकाचा शोध कधी लागला ते शिकल्या-सवरल्या लोकांनी सांगावं. कशासाठी लागला ते मात्र मी सांगू शकतो. माझ्या उदगीरच्या साडूंना सकाळी उठून पुसायला काहीतरी मिळावं म्हणून लागला. बैलगाडी, रेल्वे, एस.टी. हे सगळं मग त्या शोधाच्या आडोशाला झालेलं. आपल्याकडे माणूस गाडी घेतो ती मिरवायला, पळवायला, फार तर सोयऱ्याधायऱ्यांना जळवायला. साडूंनी पन्नाशी उलटल्यावर गाडी घेतली आणि तिच्याकडे कधी नीट वर मान करून पाहिलंच नाही. गाडीचा रंग कोणता, असं त्यांना एकदा कुणीतरी विचारलं तर ते क्षणभर अडखळले आणि म्हणाले, "चाकं चांदीची हायती."

साडू म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा. ह्या नात्यात दोन पुरुषांनी आयुष्यभर एकमेकांशी गोड बोलायचं आणि मनातल्या मनात एकमेकांना तोलत राहायचं, असा रिवाज आहे. मी नांदेडला पाटबंधारे खात्यात कारकून. ते उदगीरला भांड्यांचे व्यापारी. वयानं थोरले, अंगानं आडवे, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, बोलणं हळू आणि मधेमधे कानडी हेल. त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, तिला आम्ही सगळेच अक्का म्हणतो. मी मुळात कमी बोलणारा. खात्यातल्या नोकरीत 'बघतो' हा एक शब्द मला पुरला. आणि माझा स्वभाव असा, की जे माझ्यामुळे झालं नाही त्याचंही मलाच ओशाळं वाटतं. त्या दुष्काळाच्या वर्षांत तर विचारू नका. कुठल्याही लग्नात, बारशात, मयतीतसुद्धा माणसं मला विचारायची, "साहेब, पाणी कवा?" जणू गोदावरी माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये घडी घालून ठेवलेली होती. कुणाच्या घरी गेलो आणि पाण्याचा पेला पुढं आला की तो पिताना आपण चोरी करतोय असं वाटायचं.

तर ती चाकं. गाडी घरी आली, पूजा झाली, पेढे वाटले. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी साडूंच्या लक्षात आलं की पुढच्या दोन चाकांवर काळपट, बारीक, तुपासारखी चिकटून बसणारी काहीतरी भुकटी जमते. मागच्या चाकांवर कमी, पुढच्यांवर जास्त. मातीचा रंग त्यांना माहीत होता, धुराचाही माहीत होता, हे तिसरंच काहीतरी होतं. भांडीवाल्याच्या घरात जन्म गेलेला. डाग कशाचा हे न कळणं म्हणजे त्यांना जिव्हारी लागणारी गोष्ट. त्यांनी थेट मेकॅनिकला गाठलं. तो म्हणाला, "काका, ब्रेकची धूळ आहे ती. ब्रेक दाबला की आतलं पॅड झिजतं, त्याचा भुगा उडून चाकावर बसतो. गरम असतो, म्हणून चिकटतो. तसाच राहिला तर चाक खातो." साडू घरी आले, ओसरीवर बसले आणि बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिले. अक्कानं विचारलं, काय झालं. ते म्हणाले, "पळण्याची न्हाई गं ती. थांबण्याची धूळ हाय."

त्या दिवसापासून ते थांबेनासे झाले. म्हणजे गाडी चालवताना ब्रेकवर पाय ठेवायचा नाही, असा त्यांनी नेमच घेतला. जळकोटच्या रस्त्याला लांबवर म्हैस दिसली की हे इथूनच पाय काढून घ्यायचे आणि गाडी नावेसारखी हलके हलके वाहत राहायची. म्हैस आपल्या सवडीनं रस्ता ओलांडायची, शेपटी हलवायची, मागं वळून एकदा आमच्याकडे बघायची आणि आम्ही तोवर तिच्यापर्यंत पोचलेलोच नसायचो. शेजारी बसून माझा पाय नकळत गाडीच्या तळात रुतायचा. ते शांतपणे म्हणायचे, "पाव्हणं, घाई कशाची? म्हैस बी जाईल, आपण बी जाऊ." त्यांच्या गाडीत बसलं की पहिल्यांदा चिडचिड व्हायची, मग झोप यायची आणि मग एक विलक्षण सुस्त आनंद व्हायचा. दुतर्फा करपलेली रानं, कोरड्या विहिरींची तोंडं, पांढरं पडलेलं आभाळ, आणि त्या सगळ्यातून आमची गाडी इंजिनाचा आवाजही फारसा न करता, कुणाच्या तरी आठवणीत असल्यासारखी तरंगत जायची.

आणि सकाळ. अंघोळ, मग लिंगपूजा, मग कपाळाला भस्म, आणि त्याच सोवळ्या हातानं चाक. त्यासाठी दुकानातला एक पितळी डबा त्यांनी कायमचा घरी आणला होता. त्यात दाढीचा जुना ब्रश, रिठे, मेणाचा गोळा आणि मऊ धोतराचे तुकडे. चाक पुसलेला तुकडा गाडीच्या अंगाला लावायचा नाही. त्या भुग्यात लोखंडाचे कण असतात, ते रंगावर ओरखडे काढतात. चाक तापलेलं असताना त्याला हात लावायचा नाही. तान्ह्या पोराचा ताप बघावा तसा ते हाताचा उलटा पंजा चाकाजवळ धरायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "निवू द्या जरा. पळून आलेल्याला लगेच न्हाऊ घालू ने." आधी रिठ्याचा फेस ब्रशनं, मग चिंचेचं पाणी, लगेच ओल्या फडक्यानं पुसणं, मग कोरडं, आणि शेवटी मेणाचा हात, म्हणजे पुढचा भुगा बसला तरी रुतणार नाही. पूजा आणि चाक इतकं पाठोपाठ चालायचं की एकदा भस्माऐवजी चाकाची काजळी कपाळाला लावून ते दुकानात गेले. दुपारपर्यंत गिऱ्हाईक येत होतं, वाकून नमस्कार करत होतं, जात होतं. संध्याकाळी अक्कानं तोंडासमोर आरसा धरला तेव्हा कळलं. ते म्हणाले, "तरीच म्हनलं आज दोघंतिघं पाया का पडले."

दुष्काळ पडला तेव्हा गल्लीला वाटलं, आता हे खूळ सुटेल. त्या वर्षांत उदगीरला दोनच गोष्टींची चर्चा असायची, टँकरची आणि उदगीरच्या नव्या जिल्ह्याची. दोन्ही आज येणार, उद्या येणार. त्यातला टँकर तरी अर्धामुर्धा यायचा. गाड्या धुणं बंद झालं होतं. शेजारचा एक कापडवाला रोज सकाळी कुंपणावरून टोमणा मारायचा, "अण्णा, लोकं घागरीसाठी भांडायलेत आन् तुमी चाकाला अभिषेक करायलाव." साडू एक गडू उंच धरून दाखवायचे. "तोंड धुवायचा गडू हाय हा. आज माझं तोंड धुतलेलं न्हाई." आणि ते खरं होतं. आज पाळी यांच्या तोंडाची की चाकाची, हे अक्का लांबूनच ओळखायची. चाकाखाली घमेलं असायचं, निथळलेलं पाणी त्यात पडायचं, रात्रभरात काळं खाली बसायचं आणि वरचं पाणी सकाळी परत कामाला यायचं. अशा दोन-तीन गडूंत आठवडा निघायचा. नव्या जिल्ह्यासाठी रास्ता रोको करणारी मंडळी वर्गणीला आली तेव्हा साडूंनी वर्गणी दिली, पण रास्ता रोकोला यायला नकार दिला. "जिल्हा झाला पायजे, हाव. पण येवढ्या गाड्या एकदम थांबवल्या तर काजळी किती पडंल, इचार केलाव का?" मंडळींनी विचार केलेला नव्हता.

दुष्काळात अक्काला मात्र एका गोष्टीचं फार लागलं. दारी पाहुणा आला की उंबऱ्याबाहेर पायावर पाणी घालायचं, ही त्या घराची रीत. ती बंद पडली. पाहुणे कोरड्या पायांनी घरात यायचे आणि अक्का पदराआड तोंड करून स्वयंपाकघरात जायची. साडूंनी काही दिवस हे पाहिलं आणि मग त्यांच्या डोक्यानं आपला मार्ग काढला. पाहुण्याच्या पायाला पाणी नाही तर निदान त्याच्या गाडीच्या पायांची सेवा. पाहुणे आत सुशीला, म्हणजे आमच्याकडचे फोडणी दिलेले चुरमुरे, खात बसले की हे बाहेर त्यांची चाकं पुसत बसायचे. कुणाला सांगायचे नाहीत. एका विमावाल्याची जीप त्यांनी अशी चकचकीत केली की तो रस्त्यावर येऊन आपली गाडी शोधत फिरला.

ह्यात माझा हात एवढाच, की एकदा मी थट्टेनं म्हटलं, "साडूभाऊ, चिंच भिजवायलाही पाणी लागतं. लिंबू वापरा, ते आपलं पाणी आपल्याबरोबर घेऊन येतं." त्यांनी ते वेदवाक्य मानलं. माझ्या नांदेडच्या परसात लिंबाचं झाड आहे. मग मी उदगीरला जाताना पाण्याचे दोन कॅन आणि लिंबाची पिशवी घेऊन जायला लागलो. ही पिशवी पुढं काय करणार आहे याची मला कल्पना नव्हती.

त्यांची एकुलती एक लेक शिवलीला आमच्या घरी राहून नांदेडला शिकली. तिथंच एका मुलाशी तिचं जमलं. मुलगा बँकेत, मूळचा बिलोलीकडचा, आपल्यातलाच, नाव ठेवायला जागा नाही. शिवलीलानं हे सगळ्यांत आधी मला सांगितलं. "काका, तुम्ही फक्त बैठक घडवून आणा. बाकी काय बोलायचं नाही," म्हणाली. न बोलायचं काम असेल तर माझ्यासारखा माणूस नाही. बैठक ठरली. मुलाकडचा सगळा कारभार त्याच्या आत्याच्या हातात आहे, तिनं नाही म्हटलं की संपलं, हेही तिनं सांगून ठेवलं होतं. आणि जाताना हळूच म्हणाली, "माझ्या अप्पांना त्या दिवशी डबा काढू देऊ नका, तेवढं बघा." मी म्हणालो, "बघतो."

पाहुणे ऐन उन्हाचे आले. मुलगा, त्याचे वडील, आत्या. देगलूरमार्गे, ट्रक-ट्रॅक्टरांच्या मागं थांबत थांबत. गाडी दारात लागली तेव्हाच साडूंची नजर चाकांवर गेली आणि मला कळलं, माझं आता काही चालणार नाही. काळं म्हणजे किती काळं, तव्याच्या बुडासारखं. साडू आत येऊन बसले, बोलले, हसले. पण सारखे दाराकडे बघत होते. चाकं निवायची वाट बघत होते. सुशीलाच्या ताटल्या आल्या, मुलगी आली, मुलाच्या वडलांनी शिक्षणाचं विचारलं, आत्यानं स्वयंपाकाचं विचारलं. सगळं जमत आलं होतं. शिवलीला मान खाली घालून बसली होती, पण तिचे कान आत्याच्या एकेका शब्दावर होते. तेवढ्यात साडू "आलोच" म्हणून उठले. मी त्यांच्या सदऱ्याचं टोक धरलं. ते माझ्या हातातून निसटलं.

थोड्या वेळानं आत्याला गाडीतला पानाचा डबा आठवला. ती बाहेर गेली आणि तशीच परत आली. तोंडावर रंग नव्हता.

"उठा," ती भावाला म्हणाली. "उठ रे, चल."

"काय झालं ताई?"

"मुलीचा बाप आपल्या गाडीच्या चाकापाशी बसलाय. लिंबं कापून टाकलीत, काळी राख हाय, धोतराच्या चिंध्या हायत, आन् तोंडानं मंतर चालू हाय."

साडू काम करताना नमः शिवाय म्हणतात. पण हे त्या वेळी कोण कुणाला सांगणार. खोलीत पंख्याचासुद्धा आवाज बंद झाल्यासारखा वाटला. भारनियमन सुरू झालं होतं, तो खरोखरच बंद झाला होता. त्या शांततेत साडू दारात उभे राहिले, दोन्ही हात कोपरापर्यंत काळे, घामानं भस्म ओघळलेलं, आणि चेहऱ्यावर लहान मुलासारखं समाधान. म्हणाले, "दोन झाली. दोन राहिली."

आता पाहुण्यांची अशी पंचाईत, की घरात बसवत नाही आणि गाडीत बसून जाण्याची कुणाची छाती होत नाही. मुलाचे वडील घाम पुसत होते. मी शिवलीलाकडे पाहिलं. ती रडत नव्हती. माझ्याकडे बघत होती. तिच्या त्या बघण्यात "बाकी काय बोलायचं नाही" हे तिनं परत घेतलं होतं.

मी बोललो. उभा राहून बोललो. "लिंबं माझी आहेत," मी म्हणालो, "नांदेडच्या माझ्या झाडाची." एवढं बोलून थांबायला हवं होतं, पण ज्याला बोलायची सवय नसते त्याला थांबायचीही नसते. मी ब्रेकच्या धुळीचं सांगितलं, रिठ्याचं, मेणाचं, गडूचं सांगितलं. पाय धुण्याच्या रितीचं आणि अक्काच्या पदराचं सांगितलं. आणि मग, का कोण जाणे, हेही सांगितलं, की मला ह्या माणसाची लाज वाटत आलेली आहे. नांदेडला माझ्या साहेबांनी एकदा ह्यांना एस.टी. स्टँडवर कुणाच्या तरी परक्या गाडीचं चाक पुसताना पाहिलं, हे कोण म्हणून विचारलं, तर मी म्हणालो, लांबचे नातेवाईक आहेत. "पण आत्याबाई," मी म्हणालो, "दारात आलेल्याच्या पायावर पाणी घालता येत नाही म्हणून इतकं कुणाला लागलेलं मी दुसरं पाहिलेलं नाही. पाणीखात्यात असून नाही पाहिलं." साडू दारातच उभे होते. सगळं ऐकत होते.

आत्यानं साडूंकडे रोखून पाहिलं. "पाय धुवायला पाणी न्हाई म्हणून चाक धुतलाव?"

"पाण्यानं न्हाई बाई," साडू अपराध्यासारखे म्हणाले. "लिंबानं."

मुलाचे वडील केव्हा बाहेर गेले होते कोण जाणे. त्यांचा आवाज आला, "ताई, ये बघ. चांदीचं निघालंय की खालून. मला वाटायचं, कंपनीतूनच काळं येतंय."

पण आत्या हलेना. करणी नाही हे बुद्धीला पटलं तरी लिंबू ते लिंबू. तेवढ्यात शिवलीला उठली, बाहेरच्या पितळी डब्याजवळच्या पिशवीतली उरलेली लिंबं घेऊन आत गेली आणि सरबताचा एक पेला घेऊन आली. तिनं तो सगळ्यांच्या मधे पाटावर ठेवला. कुणाला दिला नाही, घ्या म्हणाली नाही. आम्ही सगळे त्या पेल्याकडे बघत राहिलो. दुष्काळातलं पाणी, माझ्या कॅनमधलं, आणि त्यात ते लिंबू. मग मुलानं हात पुढं केला, पेला उचलला आणि आत्याच्या डोळ्यांदेखत एका दमात रिकामा केला. मिशी पुसली. म्हणाला, "मीठ जरा कमी हाय."

आत्या बराच वेळ त्याच्याकडे बघत होती, काही होतंय का म्हणून. काही झालं नाही. शेवटी तिनं एक सुस्कारा टाकला आणि साडूंना म्हणाली, "मग बसलाव काय? ऱ्हायलेली दोन कोण पुसणार? अर्धी चांदी आन् अर्धं लोखंड घेऊन गावात जायचं का आमी?"

राहिलेली दोन चाकं होईपर्यंत बोलणी पक्की झाली. मुलगा साडूंशेजारी उकिडवा बसून फडकं धरत होता. संध्याकाळी पाहुणे गेले आणि आम्ही दोघं ओसरीवर उरलो. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. मी म्हणालो, "साडूभाऊ, ते लांबचे नातेवाईक..." त्यांनी नखातली काजळी काडीनं काढता काढता म्हटलं, "नांदेड लांबच हाय की, पाव्हणं. खामखा मनाला लावून घेऊ नका. झाड बरंय का तुमचं? ह्या खेपेची लिंबं लई रसाची होती."

लग्न झालं. पाठवणीच्या वेळी सगळे रडत असताना साडू दिसेनात; वरातीच्या गाडीमागं सापडले, मागच्या चाकाला मेण लावत. म्हणाले, "वाटंत माती हाय फार." पुढच्या वर्षी पाऊस आला. जिल्हा आला नाही. शिवलीला सणासुदीला यायची, गाडी काळ्या चाकांनी यायची, साडू डबा काढायचे. जावईही हुशार. सासऱ्याचं बघून बघून सगळं शिकला आणि एका दिवाळीला स्वतःच चाकं लख्ख करून, मेण लावून, जेमतेम ब्रेकला पाय लावत उदगीरला आला. साडू गाडीभोवती एकदा फिरले. वाकले. चाकाच्या आऱ्यांच्या आत बोट घालून पाहिलं. बोट स्वच्छ निघालं. "छान ठेवलीव," म्हणाले, डबा कडीसकट उचलून आत ठेवला आणि दिवसभर खुर्चीत बसून राहिले. लेक-जावई जायला निघाले तेव्हा त्यांना लवकर निघता आलं. कशाची वाट बघायची नव्हती.

त्यानंतर शिवलीला नवऱ्याला उदगीरला जायच्या आधी चाकांना हात लावू देत नाही.

आणि मी. आता माझ्याकडेही एक जुनी गाडी आहे. उदगीरला जाताना कंधार सोडलं की रस्ता मोकळा असतो, दुपारची वेळ, कुणी माणूस नाही, म्हैस नाही. त्या रिकाम्या रस्त्यावर मी वेग घेतो आणि ब्रेक दाबतो. पुन्हा वेग घेतो, पुन्हा दाबतो. बायको आधी विचारायची, आता विचारत नाही. दाराची कडी धरून बसते. साडूंना हल्ली नीट दिसत नाही, हात कापतो, चारांतलं एखादंच चाक पुसून होतं. पण गाडी दारात लागली की ते काठी टेकत येतात, पुढच्या चाकाजवळ हाताचा उलटा पंजा धरतात आणि डोळे मिटतात.

"तापलंय," म्हणतात. "बसा आता. निवू द्या."

मग आम्ही ओसरीवर बसतो. अक्का तांब्या घेऊन येते, पायावर पाणी घालते. ऊन अंगणातून हळूहळू सरकत चाकापर्यंत जातं, चाकावरून उतरतं.

"पाव्हणं," ते मधेच विचारतात, "नांदेडपासून इतक्यांदा कशाला थांबलाव?"

आणि मी काही सांगायच्या आत पुन्हा डोळे मिटून घेतात.